नाताळचे ताट आणि परका पाहुणा



वैशाखाच्या उन्हात नाताळावर व्याख्यान ठेवणे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. हा विषय डिसेंबरच्या थंडीतला. परंतु डिसेंबरात तो बोलता येत नाही, असा आमचा अनुभव आहे. त्या दिवसांत दुकाने सजलेली असतात, घरोघर तळणीचा वास सुटलेला असतो, आणि सणाचा अर्थ काय हे विचारायला कोणाला सवड नसते. सण दूर असला म्हणजे त्याच्याकडे शांतपणे पाहता येते. शिवाय पुढे जी गोष्ट आम्ही सुचविणार आहोत, तिच्या तयारीला सहा-सात महिने लागतील. म्हणून ही वेळ आम्हाला योग्यच वाटते.

दुसरेही एक कारण आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. निरनिराळ्या मतांच्या माणसांनी एका मांडवाखाली बसावे, बोलणाऱ्याचे म्हणणे न पटले तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ही सवय महाराष्ट्राला अशा व्याख्यानमालांनी लावली. आम्ही ख्रिस्ती, आपल्यापैकी बहुतेक ख्रिस्ती नाहीत. तेव्हा जे बोलणे आम्ही घरात आपापसांत करतो, ते आज चारचौघांत करणार आहोत. प्रश्न एवढाच आहे : सणाच्या दिवसांत इतरांशी दयेने वागावे असे ख्रिस्ती धर्म सांगतो, म्हणजे तो नेमके काय सांगतो?

'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचा मूळ अर्थ जन्म. शब्द परदेशी असला तरी सण मात्र इथल्या मातीत पुरता रुजला आहे. मराठी ख्रिस्ती घरातले नाताळचे ताट आपण पाहिले, तर त्यात करंज्या आहेत, शंकरपाळ्या आहेत, चकल्या आहेत. दिवाळीला शेजारच्या घरून जे आले, तेच थोड्याफार फरकाने नाताळात परत जाते. गोव्याकडे या खाऊला कुस्वार म्हणतात. नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, कुलकुले असे पदार्थ त्यात असतात आणि त्यांचे वाटे शेजारीपाजारी पोहोचते होतात. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, त्या घरी गोडधोड करीत नाहीत. तेव्हा त्या घरचा वाटा शेजारी आठवणीने पाठवितात. आपल्याकडेही दुःखाच्या घरी पहिल्या दिवाळीचा फराळ आप्तांकडूनच जातो. धर्म दोन असले तरी माणसाचे दुःख ओळखण्याची रीत एकच आहे, हे पाहून आनंद वाटतो.

आणखी एक रीत आपणा सर्वांच्या घरी आहे. शेजारणीचे ताट आले तर ते रिकामे परत पाठवायचे नाही. काही नसले तर मूठभर साखर तरी घालायची. फार सुंदर रीत आहे ही. तिच्यामुळे आळीतली माणसे एकमेकांना धरून राहतात, आणि ती मोडावी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु तिच्यात एक माणूस बसत नाही. ज्याच्या घरी ताटात परत घालायला मूठभर साखरही नाही, त्याचे काय? त्याच्याकडे आपण ताट पाठवीत नाही. तो परत कसे पाठवील, या विचाराने आपल्यालाच अवघडल्यासारखे होते. आणि मग हळूहळू, कोणाच्याही मनात दुष्टावा नसताना, तो आपल्या सणातून वगळला जातो.

नेमक्या या जागेवर ख्रिस्ताने बोट ठेवले आहे. लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. येशू एका प्रतिष्ठिताच्या घरी जेवायला गेला होता. मानाच्या जागा पटकावण्याची पाहुण्यांची धडपड त्याने पाहिली; आणि मग यजमानाकडे वळून त्याने जे सांगितले, त्याचा आशय असा, की मेजवानी करशील तेव्हा मित्रांना, भावांना, नातलगांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस; ते तुला उलट बोलावतील आणि तुझी फेड होऊन जाईल. तू गरिबाला बोलाव, लुळ्याला, लंगड्याला, आंधळ्याला बोलाव. त्यांच्याजवळ फेड करायला काही नाही, आणि म्हणूनच तू धन्य होशील.

सज्जनहो, हे सांगणे साधे दिसते, पण आहे कठीण. परतफेड होऊ शकत नाही ही त्या पाहुण्याची उणीव असे आपण समजतो. ख्रिस्त म्हणतो, त्याला बोलावण्याचे कारण तेच आहे. दुसरी गोष्ट, त्याने पाठवायला सांगितलेले नाही. बोलवायला सांगितले आहे. उरलेले अन्न मागल्या दारी नेऊन देणे निराळे आणि पुढच्या दाराने माणसाला आत घेऊन आपल्या शेजारी पाट मांडणे निराळे. पहिल्यात त्याची भूक भागते. दुसऱ्यात भुकेबरोबर त्याचा मानही राखला जातो. पाठवायला पैसे लागतात. बोलवायला मन मोठे लागते. पहिली गोष्ट आपण पुष्कळ करतो, दुसरी क्वचित.

कोणी विचारील, ख्रिस्ती धर्म नाताळाशीच या गोष्टीची एवढी सांगड का घालतो? त्याचे कारण जन्मकथेतच आहे. शिरगणतीसाठी नासरेथहून बेथलेहेमास आलेले एक गरीब जोडपे. बाई दिवस भरलेली. उताराच्या घरी जागा नाही. मूल जन्मले ते गव्हाणीत ठेवावे लागले. वार्ता पहिल्याने पोहोचली ती रानात मेंढरे राखणाऱ्यांना. पुढे मत्तय सांगतो, की हेरोद राजाच्या भयाने त्या मुलाला घेऊन आईबापांना मिसर देशात पळावे लागले. म्हणजे ख्रिस्ती माणूस ज्याला देव म्हणून पूजतो, तो या जगात परका पाहुणा म्हणून आला, जागा न मिळालेला म्हणून जन्मला, आणि बोलू लागण्याआधीच निर्वासित झाला. तोच पुढे मोठेपणी सांगतो, की शेवटच्या दिवशी राजा विचारील तो प्रश्न पूजेअर्चेचा नसेल. मी भुकेला होतो तेव्हा तू खाऊ घातलेस का, परका होतो तेव्हा घरात घेतलेस का, हे तो विचारील. आमच्या दयेचे मूळ तेथे आहे. आमच्याजवळ जास्त आहे म्हणून आम्ही देतो असे नव्हे. दाराशी उभा आहे तो कोण, हे आम्हाला सांगितलेले आहे म्हणून.

या विचाराला घरगुती रूप फार सुंदर दिले आहे ते पोलंडच्या लोकांनी. चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत तेथली मुले खिडकीशी उभी असतात. चांदणी दिसली की जेवण सुरू. मेजावर पांढऱ्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरतात. ती गव्हाणीची आठवण. पातळ पापडासारखी एक भाकर असते. तिचा तुकडा प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातून मोडून घेतो, त्याचे शुभ चिंतितो आणि मागले रुसवेफुगवे सोडतो. आणि या मेजावर घरच्या माणसांपेक्षा एक ताट नेहमी जास्त मांडलेले असते. ते कोणाचे? जो अवचित येईल त्याचे. वाटसरू असेल, एकटा असेल, अनोळखी असेल. त्या रात्री दार वाजले तर त्याला बाहेर ठेवायचे नाही.

आपल्या ताटाची रीत सांगते, रिकामे परत करू नका. पोलंडच्या ताटाची रीत सांगते, एक ताट रिकामे मांडून ठेवा. एकीने ओळखीची माणसे जोडली जातात. दुसरीने अनोळखी माणसाला जागा होते. चांगल्या सणाला दोन्ही पाहिजेत.

येथे आपण आपल्याच महाराष्ट्रातल्या एका हकिकतीकडे वळू. ती तरुण श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडचे लचके तोडले गेले. पश्चिमेकडचा भाग जर्मनीने घेतला, पूर्वेकडचा सोव्हिएट रशियाने. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत पूर्व पोलंडातली लक्षावधी माणसे मालगाड्यांत घालून सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार करण्यात आली. १९४१ साली जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा या पोलिश लोकांना मोकळीक मिळाली. कोणी सैन्याबरोबर, कोणी सैन्याच्या मागोमाग, असे १९४२ साली ते इराणात पोहोचले. त्यांत बायका आणि मुले फार. अनेक मुले आईबापांवाचून होती. यांना आता ठेवायचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. युद्धाच्या धामधुमीत उतारघरांची दारे बंदच होती.

तेव्हा नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे १९४२ साली मुलांसाठी छावणी उभारली. आणि कोल्हापूर संस्थानात, कोल्हापूर शहराजवळ वळिवडे येथे, १९४३ साली मोठी वसाहत झाली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे राहिली. बैठ्या घरांच्या रांगा, शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, बाजार असे एक छोटे पोलिश गावच पंचगंगेच्या परिसरात उभे राहिले. भाजी विकायला कोल्हापूरकडची माणसे येत. एकमेकांची भाषा अवाक्षर कळत नसताना व्यवहार होत. ही वसाहत १९४८ पर्यंत होती. ज्यांच्या देशात अवचित पाहुण्यासाठी ताट मांडून ठेवतात, तेच अवचित पाहुणे होऊन आपल्या दारी आले, आणि त्यांना जागा मिळाली.

ही जागा देणारे कोण होते? ख्रिस्ती नव्हते. संस्थानिक हिंदू, गाव हिंदू-मुसलमान-जैनांचे. म्हणून ख्रिस्ती माणसाने ही हकीकत विशेष नम्रतेने वाचली पाहिजे. ख्रिस्ताने न्यायाच्या दिवसाचे जे चित्र काढले, त्यात परक्याला घरात घेणारे लोक राजाला विचारतात, की आम्ही तुला केव्हा घरात घेतले? आपण देवाचे काही करीत होतो याची त्यांना जाणीवही नसते. वळिवड्याच्या गावकऱ्यांना नाताळाची माहिती नसेल. पण नाताळचा जो अर्थ, तो त्यांच्या हातून घडला. आणि हे येथेच संपत नाही. पोलिश लोक गेले, आणि त्या जागेत फाळणीने घरदार सुटलेले सिंधी निर्वासित आले. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात. कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून ती ठाऊक आहे. एका पाहुण्याने उठून जावे आणि त्याच पाटावर दुसऱ्याने बसावे, तसे झाले. पोलिश लोकांनीही ही जागा विसरलेली नाही. पोलंडच्या राजधानीत वॉर्सा येथे वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे.

आता काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. ते आमच्यावर घेतले गेले आहेत आणि आजही घेतले जातात.

पहिला आक्षेप असा, की ख्रिस्ती दया ही आमिषाची दया आहे; खाऊ घालावे आणि धर्मात ओढावे. या आक्षेपावर चिडून उपयोग नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आणले. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत या वादावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदींनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. रमाबाईंचे म्हणणे, आपण कोणावर बळजबरी करीत नाही, आणि आपल्या प्रार्थनेचे दार बंदही करीत नाही. दोन्हीकडची माणसे मोठी होती, प्रामाणिक होती. निकाल देण्याची आमची योग्यता नाही. परंतु एवढे निश्चित, की १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणि विधवा रमाबाईंनी केडगावला आणल्या. त्यांना जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. विणकाम, शेतकाम, छापखान्याचे काम शिकवून त्यांना स्वतःच्या पायावर उभे केले. ज्यांना कोणी पंगतीला घेत नव्हते त्यांना पाट मिळाला, आणि पुढे त्याच बायका दुसऱ्यांना वाढू लागल्या.

तत्त्वाचा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आमच्या ग्रंथातच आहे. फेडीची अपेक्षा धरून बोलावू नकोस, असे ख्रिस्ताने सांगितले. फेड काय केवळ पैशानेच होते? ज्याला जेवू घातले त्याने आपला धर्म घ्यावा ही अपेक्षा म्हणजे फेडच. त्याने आपल्याला मत द्यावे, आपला जयजयकार करावा, जन्मभर मान खाली घालून वावरावे, या सगळ्या फेडीच. ताटाखाली चिठ्ठी ठेवून वाढलेले जेवण हे लूकच्या चौदाव्या अध्यायातले जेवण नव्हे. हा नियम आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू आहे. आणि देणगीच्या पाटीवर नाव कोरून घेणाऱ्या प्रत्येकालाही लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. तुम्ही जगाला पंगतीला बोलावण्याच्या गोष्टी सांगता; तुमच्यात तरी पंगती एक झाल्या का? प्रश्न रास्त आहे. हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती समाजाने धर्म बदलताना जात उंबऱ्याबाहेर ठेवली असे सर्वत्र घडले नाही. दक्षिणेतल्या चर्चांत जातवार बसण्याची पद्धत होती; ती बंद करा, असे बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ साली फर्मावावे लागले. आणि फर्मानाने ती लगेच गेली असेही नाही. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर लक्ष्मीबाई टिळकांचे घ्यावे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याजवळ राहायला आल्या तेव्हा त्यांचे सोवळे कायम होते. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. ते त्यांनी कसे आणि कोणत्या विचाराने सोडले, हे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी इतक्या मोकळेपणाने सांगितले आहे, की वाचणाऱ्याला हसू येते आणि मग तो गंभीर होतो. धर्मोपदेश ऐकून जे सुटत नाही, ते शेजारी बसून जेवल्याने सुटते. पुढे त्यांच्या घरात कितीतरी परकी मुले वाढली. जिचे पाणी एकेकाळी निराळे होते, तिच्या हातचे पाणी अनाथ मुले प्याली. याहून मोठा चमत्कार आम्हाला ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप : एका दिवसाच्या दयेचा उपयोग काय? सव्वीस डिसेंबरला सगळे पूर्ववत. याला उत्तर ख्रिस्ती पंचांगानेच देऊन ठेवले आहे. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी संत स्तेफनचा दिवस येतो. स्तेफन हा पहिला हुतात्मा. पण त्याआधी त्याला काम कोणते दिले होते? यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोज अन्न वाटले जाई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या, म्हणजे बाहेरून आलेल्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकूर झाली. तेव्हा वाढप नीट व्हावे म्हणून सात माणसे नेमली, त्यांत स्तेफन पहिला. पुण्याई पाहून त्याच्या हाती पळी दिली! नाताळ एक दिवसाचा. वाढप मात्र रोजचे, आणि ते परक्या विधवेपर्यंत पोहोचते की नाही हे पाहणारा कोणीतरी लागतो, असा त्याचा अर्थ. सण म्हणजे वर्षाचे काम एका दिवसात उरकणे नव्हे. वर्षभर जे करायचे त्याचा तो श्रीगणेशा आहे.

असिसीच्या संत फ्रान्सिसने तर या पंगतीत मुकी जनावरेही घेतली. १२२३ साली ग्रेच्चो गावी खरी गव्हाण, खरा बैल आणि गाढव आणून त्याने नाताळ साजरा केला. त्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैलांना आणि गाढवांना नेहमीपेक्षा जास्त वैरण घालावी, वाटेवर पाखरांसाठी दाणे टाकावे, अशी त्याची इच्छा होती. बैलपोळा करणाऱ्या महाराष्ट्राला त्याचे मन समजावून सांगायला नको.

तर मग आज, आपल्या गावात, ते रिकामे ताट कोणासाठी मांडायचे? फार लांब जायला नको. दिवाळी आटोपली की बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोड करणारी माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायची असते. नवराबायको दोघे मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी. घर म्हणजे शेताच्या कडेला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. पोरे बरोबर, नाहीतर मागे आजीपाशी. बाई दिवस भरलेली असली तरी फडात उभी. नाताळच्या रात्री, थंडी कडाक्याची असते तेव्हा, ही माणसे आपल्या गावाच्या वेशीवर असतात. बेथलेहेमची कथा सांगताना आम्ही मुलांना पुठ्ठ्याची गव्हाण करून दाखवितो; खरी गव्हाण वेशीबाहेर असते. आत्ता वैशाखात ती माणसे आपापल्या गावी परतली आहेत. पुढच्या हंगामाला पुन्हा येतील. तयारीला सहा-सात महिने लागतील असे आम्ही आरंभी म्हटले ते यासाठी. त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत बसू द्यायचे, अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात न्यायला वाहन कोणाचे, सणाला त्यांना आपल्या पंगतीत बोलवायचे, हे ऐन वेळी ठरत नाही.

शहरात राहणाऱ्यांनाही पाहुणे कमी नाहीत. सुटीत घरी जाता न आलेला वसतिगृहातला मुलगा आहे. ज्याच्यामुळे आपण निर्धास्त निजतो तो रात्रीचा पहारेकरी आहे. मुले परदेशी गेल्यामुळे मोठ्या घरात एकट्या उरलेल्या आजी आहेत. त्यांना पैशाची ददात नाही, पण ताट वाढून समोर कोणी बसत नाही. आणि सण नाताळचाच हवा असे मुळीच नाही. दिवाळी असो, ईद असो, एक ताट जास्त मांडण्याला कोणत्याही धर्माची हरकत नाही.

कोणी म्हणेल, ताट मांडून ठेवले आणि कोणी आलेच नाही तर? पोलंडातही बहुधा कोणी येत नाही. तरी ते मांडतात. त्या ताटामुळे जेवणाऱ्या प्रत्येकाला, आपल्या मुलाबाळांनाही, वर्षातून एकदा दिसते की या घरात आपल्यावाचून आणखी कोणाचा तरी हक्क आहे. आणि काळाचे चक्र असे आहे, की आज ज्याने ताट मांडले त्यालाच उद्या परक्याचे दार ठोठवावे लागते. पोलंडच्या लोकांना ते कोल्हापुरात येऊन कळले. आपणही केव्हा ना केव्हा कोणाच्या तरी दारी परके होतो. निदान या जगात आलो तेव्हा तर रिकाम्या हातांनीच आलो, आणि कोणीतरी आपल्याला आत घेतले.